साधा स्कोप की स्काउट स्कोप? जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शनवर काय बसतं

रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीच्या, म्हणजे स्कोपच्या, एका खोक्यावर २.५×२० छापलेलं असतं, दुसऱ्यावर २.५×२८. पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या काचेच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दोन्ही अडीच पटीचे, दोन्ही सडपातळ, वजनात फारसा फरक नाही. जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन (ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून गोळी भरायची) रायफल हाती आलेला माणूस यातला समोर दिसेल तो उचलतो. घरी येऊन बसवल्यावर कळतं, की डोळा लावला तर सगळीकडे काळं आणि मधे नाण्याएवढं चित्र. काचेत काहीच खोट नसते. एक स्कोप डोळ्यापासून चारेक इंचांवर चालतो, दुसरा नऊ-दहा इंचांवर. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. पहिला साधा स्कोप, दुसरा स्काउट. काही कंपन्या साडेचार-पाच इंचवाल्या साध्या स्कोपवरही ‘लाँग आय रिलीफ’ असं मिरवतात, म्हणून शब्दावर जाऊ नका, इंच वाचा. पिस्तुलाचा स्कोप तिसराच प्रकार. तो हात लांब करून बघायचा असतो, रायफलीवर त्याचं काम नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी स्कोप निवडायचा हा प्रश्नच उरलेला नाही. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगनकडे स्थायिक झालेल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नादाने हरणाच्या सीझनला जाऊ लागलेल्या मराठी मंडळींना तो पडतो. तिथे हाती येणारी जुनी रायफल बहुतेक दोनांपैकी एक असते: विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६. दोन्ही थर्टी-थर्टी काडतुसाच्या, लांबून जुळ्या बहिणी. स्कोपच्या बाबतीत मात्र दोघींचं गोत्र वेगळं.

विंचेस्टरची १८९४ ची रचना जॉन ब्राउनिंगची. तिचा रिसीव्हर, म्हणजे सगळी यंत्रणा बसलेला मधला धातूचा भाग, वरून उघडा आहे. लिव्हर खाली ओढली की बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा दांडा) मागे सरकतो आणि झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी सरळ वर उडते, थेट तुमच्या टोपीच्या दिशेने. साधा स्कोप जिथे बसायला हवा नेमकी तीच ही वाट. तिथे स्कोप ठेवला तर पुंगळी त्याच्या नळीवर आपटून परत आत पडते आणि दुसरी गोळी अडकते. शिवाय वरच्या बाजूला स्क्रू मारायला धातूच नाही. यावर पूर्वी लोकांनी स्कोप डावीकडे सरकवून बाजूच्या माउंटवर, म्हणजे बैठकीवर, बसवला. ते चालतं, पण दर वेळी गाल दस्त्यावरून (खांद्याला टेकवायच्या लाकडावरून) उचलून मान वाकडी करावी लागते, आणि त्यासाठी रिसीव्हरच्या कुशीला भोकं पाडावी लागतात. संग्राहकांना हव्या असलेल्या १९६४ च्या आधीच्या विंचेस्टरला असं भोक पाडणं म्हणजे तिची किंमत स्वतःच्या हाताने खाली आणणं. स्काउट स्कोप इथे कामाला येतो: तो रिसीव्हरच्या पुढे, बॅरलवर बसतो. मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) खाचेत बसणारे माउंट मिळतात. पुंगळीची वाट मोकळी.

मार्लिन ३३६ आली १९४८ साली. तिचा माथा बंद आणि सपाट. पुंगळी उजव्या बाजूच्या खिडकीतून पडते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यातूनच माथ्यावर स्कोपची भोकं पाडून येऊ लागली. हिच्यावर साधा स्कोप सरळ, बुटक्या रिंगांमध्ये बसतो. तरीही तिला स्काउट लावणारे आहेत. फॅशन म्हणून, असं माझं मत.

कारण साध्या स्कोपचा मोठा फायदा नुसत्या पटीच्या आकड्यातून दिसत नाही. खिडकीला नाक लावून बाहेर बघा, मग चार पावलं मागे येऊन त्याच खिडकीतून बघा. अंगण तेच, पण दिसतं कमी. ल्युपोल्डच्या २.५×२० मधून १०० यार्डांवर सुमारे ४० फूट रुंदीचं जंगल दिसतं, त्याच कंपनीच्या २.५×२८ स्काउटमधून २२ फुटांच्या आसपास. दाट झाडीत ४० यार्डांवरून हरीण आडवं पळत असेल तर हा फरक जिवावरचा, निदान हरणाच्या. स्काउटवाले म्हणतात, दोन्ही डोळे उघडे ठेवा, बाकीचं जंगल दुसऱ्या डोळ्याने दिसतं. ते खरंय, पण सराव लागतो. आणि कमी पटीच्या साध्या स्कोपनेही दोन्ही डोळे उघडे ठेवता येतातच.

उजेडाचा गैरसमजही इथेच काढून टाकू. २८ ची पुढची काच २० पेक्षा मोठी म्हणून संध्याकाळी जास्त उजळ दिसेल असं वाटतं. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागा: २० ला २.५ ने भागलं तर ८ मिलिमीटर. अंधारात माणसाची बाहुली फार तर ७ पर्यंत उघडते, वय वाढलं की त्याहून कमी. ७ च्या पुढचा उजेड डोळ्याबाहेरच सांडतो. उलट सूर्य पाठीशी असला तर स्काउटची मागची काच उघड्यावर असल्याने तिच्यावर झगमग येते आणि चित्र धुऊन निघतं. साध्या स्कोपमध्ये तुमचं डोकंच सावली धरतं.

मग साध्याला खोट नाही का? आहे, आणि ती हॅमरपाशी, म्हणजे अंगठ्याने मागे ताणायच्या घोड्यापाशी. स्कोप बुटका बसवला की त्याचं मागचं टोक हॅमरच्या डोक्यावर येतं आणि अंगठा शिरत नाही. जुन्या मार्लिनला बाहेरची सेफ्टी नाही. गोळी चेंबरमध्ये असताना हॅमर अंगठ्याने अर्ध्या खाचेवर उतरवायचा, हीच तिची सेफ्टी. थंडीत, हातमोजे घालून, अर्धवट पकडीत तो निसटला तर गोळी सुटते. म्हणून हॅमरला बाजूने स्क्रूने आवळायचा छोटा दांडा मिळतो, तो लावाच. त्याचा बारीक स्क्रू सैल होतो, दर सीझनला तपासा. उतरवण्याचा सराव रिकाम्या रायफलीवर करा.

दुसरं म्हणजे दस्ता. या रायफली उघड्या साइटसाठी घडवलेल्या, दस्ता खाली झुकलेला. स्कोप वर गेला की गाल अधांतरी राहतो. चामड्याचं दोरीने बांधायचं गालपट्ट यावर पुरतं. रिंगा घट्ट करण्याआधी डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. कडेला काळं दिसलं तर स्कोप थोडा पुढेमागे सरकवा. जाडजूड कोट घालूनच हे करा, उन्हाळ्यातल्या टी-शर्टवर जमवलेलं माप नोव्हेंबरात चुकतं.

पटीचा हव्यास नको. थर्टी-थर्टीची १७० ग्रेनची गोळी सुमारे २२०० फूट दर सेकंदाने निघते आणि १५० यार्डांपुढे झपाट्याने खाली येऊ लागते. १-४ पटीचा बदलता स्कोप चालेल, १ वर ठेवून फिरायचं. ३-९ त्या सडसडीत रायफलीवर ओझं आहे. या रायफली रिसीव्हरच्या मधोमध मुठीत धरून चालायच्या, तिथेच त्यांचा तोल असतो. साध्या स्कोपने ती मूठ बसत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीत स्काउट निर्विवाद पुढे आहे.

विंचेस्टर हाती असेल तर आधी रिसीव्हरची उजवी भिंत बघा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘अँगल इजेक्ट’ आली. तिची उजवी भिंत खाली कापलेली आहे, पुंगळी तिरकी उजवीकडे जाते, आणि साधा स्कोप वर बसतो. तशी नसेल तर स्काउट हाच मार्ग, किंवा स्कोपचा नाद सोडून मागे पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अनेक ९४ च्या डाव्या कुशीला तिच्यासाठी कारखान्याचीच भोकं असतात. १०० यार्डांच्या आतल्या जंगलात जुन्या ९४ वर मी तरी तीच लावेन.