शुक्राणूंचा काउंट आणि बिअरच्या कारखान्यातले गणित

मूल होत नाही म्हणून जोडपे डॉक्टरांकडे जाते, बाईच्या तपासण्यांची फाइल जाड होते, आणि मग कधीतरी नवऱ्याला लॅबमध्ये पाठवले जाते. खरे तर वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, आणि सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडची अडचण एकटी किंवा बाईकडच्या अडचणीच्या जोडीने असतेच. ही तपासणी शेवटाला ढकलण्यामागे वैद्यकीय कारण काहीच नाही. असो. रिपोर्ट आला की सगळ्यांचे डोळे एकाच ओळीवर जातात: काउंट, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती मिलियन (एक मिलियन म्हणजे दहा लाख) शुक्राणू. तो १६ च्या वर असला तर सुटकेचा निःश्वास, खाली असला तर घरात सुतक. या आकड्याची वंशावळ मात्र विचित्र आहे. तिच्यात बिअर आहे, टोपणनावे आहेत आणि अमेरिकेच्या राज्यघटनेवरचा एक जुना वादही आहे.

शुक्राणू पहिल्यांदा दिसले १६७७ मध्ये, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या अंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याला. योहान हाम नावाच्या विद्यार्थ्याने एका रुग्णाचे वीर्य त्याच्याकडे आणले होते. लेव्हेनहुकने मग स्वतःचेही तपासले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवले. नमुना पाप करून मिळवलेला नाही, पत्नीशी झालेल्या संबंधानंतरचा आहे, हे त्यात आवर्जून नमूद केले. हामचे नावही प्रामाणिकपणे घातले. तरी पुढे निकोलास हार्टसूकरने ‘आधी मीच पाहिले’ असा दावा ठोकलाच.

दिसणे वेगळे, मोजणे वेगळे. मोजायला जी काच लागते ती मुळात रक्तपेशींसाठी केलेली: जाड काचेच्या पट्टीवर कोरलेली बारीक चौकटींची जाळी आणि वर झाकणकाच. मधल्या फटीची खोली ठरलेली, त्यामुळे चौकटीत किती द्रव मावतो हे पक्के माहीत असते. त्यातल्या पेशी मोजायच्या आणि गुणाकार करायचा. रेघेवर बसलेल्या पेशींचे काय? दोन बाजूंच्या रेघांवरच्या धरायच्या, उरलेल्या दोन बाजूंच्या सोडायच्या.

हीच काच १९०० च्या सुमारास डब्लिनच्या गिनेस कारखान्यात यीस्ट मोजायला वापरत. बिअर आंबवताना यीस्ट कमी पडले तर आंबणे अर्धवट राहते, जास्त झाले तर चव बिघडते. विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डमध्ये शिकलेला तरुण १८९९ मध्ये तिथे नोकरीला लागला. त्याचा प्रश्न साधा होता. द्रव कितीही ढवळला तरी एका चौकटीत तीन पेशी येतात, शेजारच्या चौकटीत सात. मग आपल्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा? त्याने ४०० चौकटी मोजल्या आणि पेशींची विखुरण फ्रेंच गणिती प्वासाँच्या सूत्राप्रमाणे पडते हे दाखवले. अंगणातल्या फरश्यांवर पावसाचे पहिले थेंब पडतात तशीच ही विखुरण. त्यातून निघणारा नियम तोंडपाठ करण्याजोगा आहे: जितक्या पेशी मोजल्या त्याचे वर्गमूळ, तेवढी चूक धरून चालायची. ४०० मोजल्या तर २०, म्हणजे पाच टक्के. १०० मोजल्या तर १०, म्हणजे दहा टक्के.

हा निबंध १९०७ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला, पण गॉसेटच्या नावाने नाही. नोकरांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापायला गिनेसची बंदी होती, म्हणून लेखक झाला ‘स्टुडंट’. पुढच्या वर्षी याच नावाने, थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची ती प्रसिद्ध टी-चाचणी आली. आज एमएस्सीला ‘स्टुडंट्स टी’ शिकणाऱ्या पुष्कळांना हा स्टुडंट बिअरच्या कारखान्यातला होता याचा पत्ता नसतो.

आता हे सूत्र लॅबमधल्या टेबलावर आणू. आपल्याकडच्या कितीतरी सेंटरांत मॅक्लर चेंबर ही शुक्राणू मोजायची खास काच वापरतात. त्याची रचना अशी, की दहा चौकटींत जितकी डोकी दिसतील तितके मिलियन. फारच सोयीचे. पण दहा चौकटींत १६ डोकी दिसली तर वर्गमूळ ४. म्हणजे तोच नमुना त्याच माणसाने पुन्हा मोजला आणि १२ किंवा २० आले, तर त्यात कुणाचीही हयगय नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक पुस्तक म्हणूनच २०० शुक्राणू दोनदा मोजायला सांगते. गर्दीच्या लॅबमध्ये हे किती पाळले जात असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

बरे, १६ हीच रेघ का? १९२९ मध्ये बोस्टनच्या मॅकोम्बर आणि सँडर्स यांनी रेघ ६० मिलियनवर मारली होती. १९५१ मध्ये मॅक्लाउड आणि गोल्ड यांनी हजार बाप आणि अपत्यहीन जोडप्यांतले हजार पुरुष तपासले. २० मिलियनच्या खाली पहिल्या गटातले ५ टक्के होते, दुसऱ्यातले १६ टक्के. यातून २० हा आकडा रूढ झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात १९९९ च्या आवृत्तीपर्यंत टिकला. २०१० मध्ये तो १५ झाला, २०२१ मध्ये १६. शेवटचे दोन आकडे काढण्याची रीत अशी: वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस गेले असे पुरुष घ्यायचे आणि त्यांच्यातले तळाचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारायची. म्हणजे रेघेखाली जे आहेत तेही बापच! २०१० च्या आकड्यासाठी आठ देशांतले पुरुष घेतले होते, त्यांत भारत नव्हता. तरीही ही रेघ आपल्याकडे निकालपत्रासारखी वाचली जाते.

गॉसेटच्या सूत्राला एक मर्यादा आहे आणि ती त्यालाही ठाऊक होती: पेशी एकमेकींना चिकटल्या, पुंजके झाले, की चूक वर्गमूळापेक्षा वाढते. नेमकी हीच अडचण पुढे शब्द मोजून टोपणनावाआडच्या लेखकाचा शोध घेणाऱ्यांना आली. १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने ८५ लेख निघाले. त्यांतले १२ अलेक्झांडर हॅमिल्टनचे की जेम्स मॅडिसनचे, या दोघा राजकारण्यांपैकी कुणाचे, यावर दीडशे वर्षे वाद होता. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी विचार, विषय बाजूला ठेवले आणि किरकोळ शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजारात सुमारे तीनदा वापरतो, मॅडिसन चार हजारांत जेमतेम एकदा. सुरुवातीला शब्द कागदी पट्टीवर टाइप करून, कात्रीने कापून, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावत. कुणी जोरात श्वास सोडला तरी सगळे उडायचे. मग संगणक आला. शब्दही पुंजक्याने येतात, म्हणून त्यांनी प्वासाँच्या जोडीने पुंजके धरणारे सूत्र वापरले. १९६४ चा त्यांचा निष्कर्ष: बाराही लेख मॅडिसनचेच असण्याची दाट शक्यता.

वीर्यतपासणीत यंत्र आले १९८० च्या दशकाच्या मध्यावर. सूक्ष्मदर्शकावर व्हिडिओ कॅमेरा आणि फिरत्या डोक्यांचा माग काढणारा संगणक. माणसाला डोळ्यांनी ‘बरा पळतोय’ एवढेच म्हणता येई. यंत्र प्रत्येकाचा वेग सांगू लागले. पण धूळ किंवा गोल पेशीला ते शुक्राणू समजे, दोघांचे मार्ग छेदले की गोंधळे. पातळ चेंबर कडेने भरले की द्रवाच्या ओघात शुक्राणू सारखे पसरत नाहीत आणि आकडा कमी येतो, हेही नंतर लक्षात आले. यंत्राला त्यातल्या त्यात सोपे गेले पशुवैद्यकात: वळू ठरलेले, नमुने दाट, आणि गोठीत रेतमात्रेच्या प्रत्येक कांडीत दोन कोटी शुक्राणू असे ठाम माप.

१९९२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. डेन्मार्कच्या संशोधकांनी ६१ अभ्यास एकत्र करून सरासरी काउंट पन्नास वर्षांत ११३ वरून ६६ मिलियनवर उतरल्याचे मांडले, आणि जुने आकडे कुणी, कशाने मोजले होते यावर लगेच वाद पेटला. तो अजून विझलेला नाही. त्याच वर्षी ब्रुसेल्समधून इक्सीची बातमी आली: एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडायचा. त्यानंतर ज्यांचा काउंट अगदी तळाला आहे त्यांनाही वाट सापडली.

शून्याची गोष्ट मात्र वेगळी. चौकटींत एकही दिसला नाही म्हणजे नमुन्यात एकही नाही असे नव्हे. प्वासाँच्या हिशेबाने तेवढ्या द्रवात सरासरी तीन असूनही कधीमधी शून्य दिसू शकतो. म्हणून शून्य लिहिण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पाहायचा असतो. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने सांगितलेल्या पद्धतीत कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता अशाच नमुन्याची लाखो छायाचित्रे चाळते आणि सापडलेला शुक्राणू यंत्रमानव बाजूला काढतो. त्यांच्या रुग्णाच्या नमुन्यात सापडले दोन.