मेंढ्या राखणाऱ्या मारियाची पानं

मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या उत्तरेला सिएरा माझातेका ही डोंगररांग आहे. ढगांनी वेढलेली, बारा महिने ओलसर. तिथल्या ओहोळांच्या काठी, सावलीत एक झुडूप वाढतं. खोड चौकोनी आणि पोकळ, पानं समोरासमोर, फुलं पांढरी पण त्यांचा बाहेरचा कोश जांभळा. कूळ तुळशी-पुदिन्याचंच. आपल्याकडे हल्ली किराणा दुकानांत मिळणारा चिया तर याच साल्व्हिया प्रजातीतला, आणि मूळचा त्याच देशाकडचा. या झुडपाचं शास्त्रीय नाव साल्व्हिया डिव्हिनोरम, म्हणजे भविष्य सांगणाऱ्यांची साल्व्हिया. माझातेक लोक मात्र त्याला ‘स्का मारिया पास्तोरा’ म्हणतात: मेंढ्या राखणाऱ्या मारियाची पानं.

या नावातच एक गंमत आहे. बायबलमधली मारिया, म्हणजे येशूची आई, मेंढ्या राखत नाही. शिवाय स्पॅनिश लोक येईपर्यंत मेक्सिकोत पाळीव मेंढ्याच नव्हत्या. माझातेक वैदू या झुडपाला एका कुटुंबातली मादी मानतात आणि कोलियसच्या दोन प्रकारांना त्या कुटुंबातला नर आणि मूल. कोलियस म्हणजे आपल्या गॅलरीतल्या कुंडीत असतं तेच रंगीत पानांचं झाड. ते आशियातून तिकडे गेलेलं, म्हणजे तेही स्पॅनिश काळानंतरचंच. त्यामुळे ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं कुणी सहज म्हणून गेलं, की मला थांबावंसं वाटतं. पानांचा वापर जुना असेलही. पण आज दिसणारा विधी निदान काही अंशी गेल्या पाचशे वर्षांत घडला आहे.

विधी रात्रीचा, अंधारात आणि शांततेत. पानं जोड्यांनी मोजून घ्यायची, चावायची किंवा वाटून पाण्यात त्यांचा रस काढायचा. आजाराचं मूळ शोधायला, हरवलेली वस्तू कुठे आहे ते विचारायला. भ्रम घडवणाऱ्या अळंब्या फक्त पावसाळ्यात उगवतात, त्यामुळे एरवी ही पानं त्यांच्या जागी येत. थोड्या प्रमाणात तर ती साधं औषधच: जुलाब, डोकेदुखी, संधिवात.

बाहेरच्या जगात याची पहिली नोंद 1939 च्या सुमाराची, मानववंशशास्त्रज्ञ जीन बॅसेट जॉन्सन यांची. पण फुलं हाती नसल्यामुळे झाड ओळखणं जमेना. अळंब्यांमुळे प्रसिद्ध झालेले गॉर्डन वॉसन यांनी 1961 मध्ये हा रस स्वतः घेतला आणि पुढच्याच वर्षी ते आल्बर्ट हॉफमन यांना घेऊन परत गेले. एलएसडी हे भ्रम घडवणारं द्रव्य बनवणारे ते हेच हॉफमन. झाड कुठे उगवतं ते गावकऱ्यांनी दाखवलं नाही. फुलांसकट एक जुडी तेवढी आणून दिली. तिच्यावरूनच एप्लिंग आणि हातिवा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये या जातीचं वर्णन केलं, आणि फुलं निळी असल्याचं लिहून बसले! ती चूक पुढे दुरुस्त झाली.

हॉफमन यांनी अल्कोहोलमध्ये टिकवलेला रस घरी नेला, तर त्याचा काहीच परिणाम होईना. त्यांच्या मते त्यातलं द्रव्य टिकाऊ नव्हतं. खरं तर साल्व्हिनोरिन ए हे द्रव्य पुरेसं टिकाऊ आहे. ते 1982 मध्ये मेक्सिकोत आल्फ्रेदो ओर्तेगा आणि सहकाऱ्यांनी वेगळं केलं, आणि स्वतंत्रपणे 1984 मध्ये अमेरिकेत लिअँडर वाल्देस यांनी. त्याच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहेत, नायट्रोजन नाही. सायलोसायबिन, मेस्कलिन, एलएसडी या भ्रम घडवणाऱ्या सगळ्या द्रव्यांत नायट्रोजन असतो, त्यामुळे हा रेणू त्या पंगतीत बसत नव्हता.

1994 मध्ये डॅनियल सीबर्ट यांच्या पाहणीतून दिसलं, की हे द्रव्य गिळलं तर जवळजवळ निष्प्रभ ठरतं. पण तोंडात बराच वेळ धरलं तर गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून रक्तात उतरतं. पानं सावकाश चावत बसण्याच्या माझातेक रीतीला म्हणजे रसायनशास्त्राचाही आधार होता. (पानाच्या पाठीवरच्या बारीक ग्रंथींत हे द्रव्य साठतं, हे त्यानंतरचं संशोधन.)

2002 मध्ये ब्रायन रॉथ यांच्या गटाने मेंदूतला पत्ता शोधला: कॅप्पा ओपिऑइड ग्राहक. (ग्राहक म्हणजे पेशीवरची अशी जागा, जिथे ठरावीक द्रव्यं येऊन बसतात; ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची द्रव्यं.) मॉर्फिन मुख्यतः म्यू नावाच्या ग्राहकावर काम करतं आणि सुख देतं. कॅप्पा चेतवला की बहुधा उलट घडतं: अस्वस्थता, आणि आपण शरीरापासून तुटल्याची भावना. एलएसडी ज्या सेरोटोनिन ग्राहकावर बसतो त्याला साल्व्हिनोरिन शिवतही नाही.

मग पानांचा अर्क काढून ओढण्याची टूम निघाली. पानं चावताना सुमारे तासभर सावकाश चढत-उतरत जाणारा अनुभव धुरातून काही मिनिटांत येऊन आदळू लागला; माणसाचं भान सुटलं की तो कुठेही पडू-आपटू शकतो. ऑस्ट्रेलियाने 2002 मध्ये बंदी घातली, पुढे बऱ्याच देशांनी आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांनीही. माझातेक गावांशी या बाजाराचं फारसं देणंघेणं नव्हतं.

या झाडाला बी क्वचितच धरतं. फांदी मोडून ओल्या मातीत खोचली की ती रुजते. मेक्सिकोबाहेर वाढणारी बरीच झाडं स्टर्लिंग बनेल या मानसोपचारतज्ज्ञाने 1962 मध्ये आणलेल्या रोपाच्या फांद्यांपासूनच वाढलेली आहेत.