टुकार चित्रपटांचा आस्वाद (कोकण)

समीक्षकांनी मोडीत काढलेले चित्रपट आवडीने, बहुधा चारचौघांत बसून, पुन्हा पुन्हा पाहण्याची रीत. बोलीत अशा चित्रपटाला ‘टुकार’ किंवा ‘बंडल’ म्हणतात, आणि तसे म्हणणाराच अनेकदा तो तिसऱ्यांदा पाहत असतो. ‘पडेल’ हा शब्द निराळा. तो गल्ल्याविषयी बोलतो, दर्जाविषयी नव्हे. दोहोंची गल्लत करू नये. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांना अभिरुचीच्या नावाखाली नाके मुरडली गेली, तरी त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. १९७५ साली ‘शोले’चेही पहिले स्वागत थंडच होते.

अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ मध्ये अतिरेकी, भडक कलाकृतींत रस घेण्याच्या वृत्तीवर निबंध लिहिला. तो रस शहरी आणि काहीसा मिश्कील. कोकणातल्या आस्वादाचे मूळ तिथे शोधून सापडत नाही.

१९८०–९० च्या दशकांत चित्रपटगृह असले तर तालुक्याच्या गावी. वाडीवर सिनेमा यायचा तो सत्यनारायणाच्या पूजेला किंवा गणपतीच्या जागरणाला. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मांडून ‘व्हिडिओ लावत’. रात्रभरात तीन कॅसेटी : आधी बायकामाणसांसाठी देवाचा नाहीतर रडका कौटुंबिक, मग मारधाड. निवड कॅसेटवाल्याकडे उरले असेल त्यातून होई. मुंबईचा पेपर एस.टी.ने उशिरा पोहोचे. त्यातले परीक्षण वाचून कोणी पूजा पुढे ढकलल्याचे ऐकिवात नाही. मुंबई–गोवा महामार्गावरच्या रात्रीच्या व्हिडिओ कोचने, म्हणजे चित्रपट दाखवणाऱ्या बसने, याच चित्रपटांचा दुसरा प्रेक्षक घडवला, अर्थात कशेडी घाटात झोप लागेपर्यंतचा.

ही आवड अडाणीपणातून येते, असे म्हणणारे दशावतार विसरतात. सिंधुदुर्गात जत्रेच्या हंगामात रात्रभर चालणाऱ्या या नाट्यात आख्यान सर्वांना आधीच ठाऊक असते. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. राक्षस आरोळी ठोकूनच प्रवेश करतो. पुढे काय होणार, हा प्रश्नच नसतो; आजचा राजा ते कसे वठवतो, एवढेच पाहायचे. ‘कथेत नावीन्य नाही, अभिनय बटबटीत’ हा समीक्षकाचा आक्षेप अशा प्रेक्षकाला दोष वाटत नाही, ओळखीची खूण वाटते. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या मालवणी नाटकाने तर गावच्या नाटकाची फजितीच रंगमंचावर आणली.

खरी रंगत शेरेबाजीत. नायकामागे खलनायक आला की खळ्यातून कोणीतरी ओरडतो, ‘मेल्या, फाटी बघ!’ खलनायक पडताच ‘मेलो एकदाचो’. रडक्या प्रसंगी मात्र हे आवाज बंद होतात. पदराने डोळे पुसणाऱ्या आजीच्या मागे बसून टिंगल करायची नाही, हा अलिखित नियम. टुकार चित्रपटाची खिल्ली आणि त्यावरची माया एकाच खळ्यात नांदते ती त्यामुळेच.

व्हीसीआर गेला, मोबाइल आला. प्रत्येकजण आता आपापला पडदा घेऊन बसतो. हिंदीत भाषांतरित दाक्षिणात्य मारधाडपट त्यावर चांगलेच रुळले आहेत. तरी गणपतीच्या जागरणाला एखाद्या घरी भिंतीवर पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावतात. चित्रपट निवडतो तो बहुधा पन्नाशीतला चाकरमानी, आणि पडद्यावरच्या नटाआधी संवाद म्हणतो तोही तोच.