शाळा-कॉलेजातील मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी: पार्लरमध्ये येण्यापूर्वी

आमच्या नागपूरच्या पार्लरमध्ये नववी ते बारावीच्या मुलींची सर्वाधिक गर्दी डिसेंबर-जानेवारीत, गॅदरिंगच्या आठवड्यात होते आणि त्याखालोखाल नवरात्रात. बहुतेकींची मागणी एकच असते: परवा कार्यक्रम आहे, तोवर चेहरा उजळ, केस सरळ आणि मुरुमे नाहीशी झालेली हवीत. एवढ्या अवधीत हे होत नाही, असे आम्ही प्रत्येकीला सांगतो. परंतु गर्दीत ते नीट समजावता येत नाही, आणि सोबत आलेल्या आईलाही पुष्कळदा आम्ही काम टाळतो आहोत असे वाटते. म्हणून हे पत्रक छापले आहे. आमच्या कामांची यादी व दर भिंतीवर लावलेले आहेत. कोणती कामे घाईत करून घेऊ नयेत, कोणती आम्ही करीतच नाही आणि का, एवढेच येथे लिहिले आहे.

केस किती आखूड कापावेत, कुर्ता घालावा की जीन्स, नखांना कोणता रंग लावावा, यात मुलींचे काही चुकते असे आमचे मत नाही. नखांचा रंग पुसता येतो, कपडा बदलता येतो. ज्या गोष्टी पुसता येत नाहीत, त्यांच्याविषयीच आम्हाला सांगायचे आहे.

चेहरा उजळण्याविषयी

पार्लरमधील ब्लीचने त्वचा गोरी होत नाही. त्यातील हायड्रोजन पेरॉक्साइड चेहऱ्यावरील बारीक लव सोनेरी करते, आणि काळी लव दिसेनाशी झाल्यामुळे चेहरा दोन-तीन आठवडे उजळ भासतो. मिश्रण नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक ठेवले किंवा मुरुमांवर लावले, तर त्वचा भाजते, आणि आपल्याकडच्या गव्हाळ व सावळ्या त्वचेवर भाजल्याचा काळा डाग कित्येक महिने राहतो. त्यामुळे 16 वर्षांखालील मुलींना आम्ही ब्लीच करीत नाही, आईची परवानगी असली तरीही नाही.

ब्लीचपेक्षा अधिक काळजी वाटते ती मैत्रिणीने दिलेल्या किंवा मेडिकलमधून मागून आणलेल्या ट्यूबची. अशा अनेक क्रीममध्ये बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे स्टिरॉइड असते. काहींत त्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतात. ही औषधे आहेत, आणि त्वचारोगतज्ज्ञ ती ठरावीक आजारासाठी, ठरावीक दिवस देतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळतो आणि मुरुमेही बसतात, त्यामुळे मुलगी ती ट्यूब आणखी तिघींना सुचवते. पुढे त्वचा पातळ होते, गालांवरच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात गेल्यावर आग होते, बारीक केस वाढतात, आणि क्रीम थांबवले की चेहरा लाल होऊन मुरुमे पूर्वीपेक्षा अधिक येतात. घाबरून मुलगी पुन्हा तीच ट्यूब लावते, आणि हे चक्र सुटत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टिरॉइडांचा समावेश शेड्यूल एचमध्ये केला, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ती अजूनही सहज मिळतात, हे आपण सर्वजण जाणतो. अशी ट्यूब महिनोन्महिने वापरली असेल, तर ती आपल्या मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. तोपर्यंत आम्ही त्या चेहऱ्यावर फेशियलही करीत नाही.

ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख नाही, ती घेऊच नये, मग ती कितीही झकपक विदेशी दिसो. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळता येत नाही, आणि अनवधानाने आलेला अंशही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरे करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडांचा विकार झालेले रुग्ण आढळले, आणि त्यांतील काही अगदी तरुण होते. 1975 पासून ज्या क्रीमच्या नावातच गोरेपणा होता, त्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 मध्ये नावातील ‘फेअर’ काढून टाकले. घराघरांतील ‘थोडी उजळ हवी होती’ हे वाक्य मात्र अजून गेलेले नाही, आणि ते बहुधा मुलीच्या तोंडून येत नाही.

मान काळी पडल्याची तक्रार घेऊनही अनेक आया येतात. गेल्या हिवाळ्यात एका मुलीची मान तिच्या आईने नारळाच्या शेंड्यांनी घासून सोलवटून आणली होती. ‘नीट अंघोळ करीत नाही’, असे आईचे म्हणणे होते. मानेच्या मागे आणि काखेत त्वचा जाड, मखमलीसारखी आणि काळपट दिसत असेल, तर तो मळ नसतो. पुष्कळदा तो शरीरात इन्शुलिनचे काम नीट होत नसल्याचा संकेत असतो, आणि त्यासोबत पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक ठरते. त्या मानेवर आम्ही कोणतेही काम करीत नाही. येथे खर्च करायचाच असेल, तर तो रक्ततपासणीवर करावा.

मुरुमे आणि घरगुती उपाय

या वयात शरीरातील संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक काम करतात, रोमछिद्रे बुजतात आणि मुरुमे येतात. ती अस्वच्छतेमुळे येत नाहीत. दिवसातून पाच वेळा चेहरा धुतल्याने किंवा दाणेदार स्क्रबने घासल्याने ती वाढतात. सौम्य फेसवॉशने दोनदा चेहरा धुणे पुरे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधालाही परिणाम दाखवायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत ट्यूब बदलू नये. मुरूम फोडला की खड्डा किंवा डाग राहण्याचा संभव फार वाढतो. टूथपेस्ट लावू नये, तिने त्वचा पोळते. मोबाइलवर पाहून तीन-तीन सीरम आणि रेटिनॉल आणणाऱ्या मुलींनाही आमचे सांगणे हेच की, रेटिनॉल सुरकुत्यांसाठी विकले जाते आणि पंधराव्या वर्षी सुरकुत्या नसतात.

नागपुरात संत्र्याच्या सालीच्या पावडरीविषयी बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. बहार सुरू झाला की साली गच्चीवर वाळू लागतात, आणि ती पावडर लिंबाच्या रसात कालवून लावायची, असे आजीपासून चालत आलेले असते. आजीविषयी पूर्ण आदर ठेवूनही सांगावे लागते की, निरोगी त्वचेचा सामू (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे 5 असतो आणि लिंबाच्या रसाचा 2 ते 3 असतो; शिवाय मिक्सरमधून काढलेल्या सालीचे कण टोकदार राहतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लिंबाच्या रसातील काही द्रव्ये ऊन लागताच त्वचेवर भाजल्यासारखी प्रतिक्रिया घडवतात. एक मुलगी लिंबू लावून, चेहरा वरवर पुसून, एप्रिलच्या दुपारी दुचाकीने क्लासला गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या गालावरून हनुवटीकडे रस ओघळलेल्या रेषेतच लाल पट्टा उमटला, आणि तो तपकिरी होऊन गणपतीपर्यंत तसाच होता. संत्री खाण्यास आमची काहीही हरकत नाही.

वॅक्सिंग, केस आणि मेंदी

येथे आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका अकरावीच्या मुलीचे अपरलिप वॅक्स केले आणि पट्टीसोबत ओठावरची त्वचा सोलून आली. ती मुरुमांसाठी अॅडापलीन जेल लावत होती. या औषधाने त्वचेचा वरचा थर नाजूक होतो. तिने ते सांगितले नव्हते, परंतु आम्हीही विचारले नव्हते. तेव्हापासून वॅक्सिंगपूर्वी चेहऱ्याला काय लावता, हा प्रश्न येथे प्रत्येकीला विचारला जातो. ‘काही नाही’ असे उत्तर देताना कृपया थोडे आठवून पाहावे. थ्रेडिंगसाठी दरवेळी नवा दोरा वापरला जातो, आणि तो दातांत न धरता मानेभोवती अडकवला जातो. चेहऱ्यावर बारीक चामखीळ असेल तर ती पसरू नये म्हणून थ्रेडिंग केले जात नाही.

केस कायमचे सरळ करण्याच्या रिबॉन्डिंगमध्ये केसांच्या प्रथिनातील गंधकाचे बंध रसायनाने तोडून, केस ओढून सरळ करून, ते बंध नव्या जागी पुन्हा जोडले जातात. हे करताना जे केस दुबळे झाले, ते कोणत्याही स्पाने पूर्ववत होत नाहीत, कारण डोक्याबाहेर आलेला केस ही जिवंत वस्तू नाही. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 60 सेंटिमीटरची वेणी गेली तर ती परत येण्यास पाच वर्षे लागतील. केराटिन आणि स्मूदनिंगच्या अनेक द्रावणांतून तापलेली इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो. केस सरळ करण्याच्या, ग्लायऑक्झिलिक आम्ल असलेल्या द्रावणांनंतर मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी इस्रायल आणि फ्रान्समधील डॉक्टरांनी केल्या आहेत. या कारणांनी 18 वर्षांखालील मुलींचे रासायनिक स्ट्रेटनिंग आम्ही बंद केले आहे. एका संध्याकाळच्या नाचासाठी ब्लो-ड्राय पुरतो, आणि पुढच्या धुण्यात तो निघूनही जातो.

मेंदीच्या बाबतीत रंगावरून लगेच ओळखता येते. खऱ्या मेंदीचा रंग प्रथम केशरी असतो आणि एक-दोन दिवसांत तो गडद तपकिरी-लाल होतो. अर्ध्या तासात कुळकुळीत काळा होणारा कोन मेंदीचा नसतो; त्यात बहुधा केसांच्या डायमधील पीपीडी हे रसायन असते. त्याची अॅलर्जी झाल्यास हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड येतात, आणि पुढे आयुष्यात कधीही केस रंगवताना तीच अॅलर्जी उसळू शकते.

दागिने, काजळ, कपडे

सीताबर्डीच्या फुटपाथवरील कानातली आम्हालाही आवडतात. परंतु स्वस्त धातूत निकेल असते आणि घामाने ते सुटू लागते, म्हणून मे महिन्यात कानाच्या पाळीला खाज, पाणी आणि खपली यांच्या तक्रारी वाढतात. बेंबीजवळ जीन्सच्या बटणाखाली येणारा खाजरा चट्टाही बहुधा त्याचाच असतो. कान नुकताच टोचलेला असेल, तर पाळी पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे निदान सहा ते आठ आठवडे, सोन्याचेच घालावे. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण कानाच्या पाळीपुरती खरी आहे. कानाच्या वरच्या कूर्चेत, म्हणजे कडक भागात, टोचायचे असेल, तर गन वापरू देऊ नये. तिथला जंतुसंसर्ग बळावल्यास कानाचा आकारच बिघडतो, त्यामुळे हे काम डॉक्टरांकडून निर्जंतुक सुईने करून घ्यावे. गॅदरिंगच्या मेकअप रूममध्ये एकच काजळ दहा जणींच्या डोळ्यांतून फिरते, आणि डोळे आल्याची साथ त्यानंतरच्या आठवड्यात येते.

घट्ट सिंथेटिक लेगिंग्ज आणि न वाळलेल्या जीन्समुळे जांघेत गजकर्ण (बुरशीचा संसर्ग) होते. मुली ते सांगायला लाजतात, आणि पुन्हा मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणतात, ज्याने खाज थांबते पण चट्टा पसरत जातो. आयांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा.

दुपट्टा किंवा स्कार्फ बांधून गाडी चालवण्याची येथील रीत उत्तम आहे. फक्त तो रोज धुतलेला असावा, कारण आदल्या दिवशीचा घाम व तेल पुन्हा गालांवर घासले जाते. सनस्क्रीन निदान एसपीएफ 30 चे, दोन बोटांच्या लांबीएवढे, घराबाहेर पडण्यापूर्वी लावावे, आणि उन्हात राहायचे असल्यास दोन तासांनी पुन्हा लावावे. आमच्याकडे जे काही विकले जाते, त्यात या एका वस्तूची शिफारस आम्ही न संकोचता करतो.

नियोजनाविषयी

कार्यक्रमापूर्वी वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग दोन दिवस आधी करावे. पहिलेच फेशियल असेल, तर ते दोन आठवडे आधी करावे, म्हणजे काही उठलेच तर बसायला वेळ मिळतो. केसांना रंग लावायचा असल्यास पॅच टेस्टसाठी 48 तास आधी येणे बंधनकारक आहे. कोपराच्या आतील बाजूस थेंबभर रंग लावून तो दोन दिवस पाहिला जातो, आणि याचे पैसे आम्ही घेत नाही. मुलगी सध्या जी क्रीम, जेल किंवा ट्यूब वापरते, ती येताना पिशवीत घालून सोबत आणावी, अर्धी संपलेली असली तरी चालेल.