कॉकपिटमधला वर्कलोड आणि परिस्थितीचं भान: एक कमी झालं म्हणून दुसरं वाढत नाही

अंतराळयानाच्या कॉकपिटचं सिम्युलेशन म्हटलं की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते, वर्कलोड आणि सिच्युएशन अवेअरनेस, म्हणजे परिस्थितीचं भान. वर्कलोड म्हणजे आत्ता या क्षणी माणसाचे डोळे, कान, डोकं, हात किती गुंतलेत. अवेअरनेस म्हणजे यान कुठंय, काय चाललंय आणि पुढच्या मिनिटाला काय होणार, याचं त्याच्या डोक्यातलं चित्र खरं आहे का. आणि लोक सरळ धरून चालतात की काम कमी केलं की भान आपोआप येतं.

रशियाच्या मीर या अंतराळ स्टेशनचं घ्या. २५ जून १९९७, प्रोग्रेस एम-३४ हे मालवाहू यान मीरचा कमांडर त्सिब्लियेव स्टेशनमधून जॉयस्टिकने जोडायला बघत होता, कुर्स रडार बंद होतं त्यामुळे अंतर आणि वेगाचे आकडे समोर नव्हते, प्रोग्रेसवरच्या कॅमेऱ्यात ढगांच्या पार्श्वभूमीवर मीर दिसतंय तेवढ्यावरून अंदाज बांधायचा. यान जाऊन धडकलं मीरच्याच स्पेक्टर मॉड्यूलवर आणि हवा गळायला लागली. आता इथं जॉयस्टिक कितीही सोपी करून दिली असती तरी आकडाच नाही तर तो करणार काय?

अपोलो ११ चंद्रावर उतरताना याच्या बरोब्बर उलट. कॉम्प्युटरवर कामाचा भार जास्त झाल्याचे १२०२ अलार्म वाजतायत, आर्मस्ट्राँगचे ठोके १५० च्या आसपास गेलेत, म्हणजे वर्कलोड भयंकरच. पण खाली दगडधोंडे आहेत हे त्याला खिडकीतून दिसतंय, आल्ड्रिन उंची-वेगाचे आकडे सतत वाचून दाखवतोय, त्यामुळे भान शाबूत.

सिम्युलेशनमध्येही दोघांचा हिशोब वेगळा. वर्कलोडसाठी प्रत्येक कामाला डोळे, कान, विचार, हालचाल असे ० ते ७ आकडे द्यायचे आणि कामं एकावर एक आली की बेरीज करायची. सोपंय, ग्राफपण छान येतो, म्हणून रिव्ह्यूला तोच पुढे केला जातो असं माझं मत. भानाचं तसं नाही. नासा एम्सच्या मिडास सारख्या मॉडेलमध्ये आभासी पायलट कुठं बघतो हेसुद्धा चालवावं लागतं, ज्या डिस्प्लेकडे त्याची नजर गेली नाही ते त्याला माहीतच नाही, मग त्याला काय माहीत आहे आणि काय माहीत हवं होतं याची तुलना. ऑटोमेशन टाकलं की वर्कलोडचा ग्राफ खाली येतो आणि कधीकधी त्याच्यासोबत भानही घसरतं, कारण नजर फिरायचीच थांबते.

खरी माणसं बसवली तरी तेच. नासा टीएलएक्स ही वर्कलोडची प्रश्नावली बहुतेकदा रन संपल्यावर भरून घेतात, सहा पट्ट्या, ताण किती वाटला वगैरे. संशोधक एंड्सलीच्या सॅगॅट या भान मोजायच्या पद्धतीत मात्र रन मध्येच गोठवतात, स्क्रीन काळे करतात आणि विचारतात, अंतर किती, जवळ येण्याचा वेग किती, असंच चालू राहिलं तर काय होईल? कधी गोठवणार हे आधी कळता कामा नये, नाहीतर पायलट आकडे पाठ करूनच बसतात.