जैववैद्यकीय प्रतिमांकन संशोधकाची कारकीर्द

एमआरआय, सीटी, पेट, अल्ट्रासाउंड यांसारखी, शरीर न उघडता आतले दाखवणारी तंत्रे घडवणाऱ्या व सुधारणाऱ्या संशोधकाचा विद्यापीठातील प्रवास. या क्षेत्रात येणारे बरेच जण भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राचे असतात. फूरिये रूपांतर (संकेताला वेगवेगळ्या लहरींत विभागणारे गणित) आणि संख्याशास्त्र कच्चे राहिले, तर पुढे पावलोपावली अडते.

पीएचडीला साधारण 3 ते 6 वर्षे लागतात. सुरुवातीचा बराच काळ फँटमवर, म्हणजे शरीराऐवजी स्कॅन करायच्या नमुन्यावर, जातो आणि तो वाया गेला असे कधीच समजू नये. एमआरआयचा साधा फँटम असा करतात: 100 मिलिलिटर शुद्ध पाण्यात सुमारे 2 ग्रॅम अगार (समुद्री शेवाळापासूनची, थंड झाल्यावर जेलीसारखी घट्ट होणारी पूड) उकळून विरघळवायचे, चिमूटभर मोरचूद घालायचे आणि मिश्रण गरम असतानाच बाटलीच्या कडेने बारीक धार धरून ओतायचे. घाई केली की बुडबुडे अडकतात. हवा व पाणी यांची चुंबकीय ग्राह्यता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद, वेगळी असल्याने ग्रेडियंट एको या एमआरआय पद्धतीच्या प्रतिमेत बुडबुड्याहून मोठा काळा डाग उमटतो आणि नवखा विद्यार्थी यंत्रात दोष शोधत बसतो.

माणसांवर स्कॅन करण्यापूर्वी नीतिसमितीची मान्यता व लेखी संमती लागते. रुग्णालयातला स्कॅनर दिवसा रुग्णांसाठी असतो. संशोधनाच्या वाट्याला बहुधा रात्र किंवा सुट्टीचा दिवस येतो. अभ्यास चालू असताना स्कॅनरचे सॉफ्टवेअर बदलले, तर आधीच्या व नंतरच्या प्रतिमा थेट जुळत नाहीत; म्हणून बदलाच्या आधी आणि नंतर तोच फँटम स्कॅन करून ठेवावा. संगणकाला प्रतिमा ओळखायला शिकवताना एकाच रुग्णाच्या स्कॅनचे काही काप (शरीराच्या पातळ थरांच्या प्रतिमा) प्रशिक्षणात आणि काही चाचणीत गेले, की अचूकता खोटी फुगते. विभागणी रुग्णानुसारच हवी.

पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधकाची नेमणूक), मग प्राध्यापकी आणि स्वतःचे अनुदान. इथे धीर लागतो. ॲलन कॉरमॅक यांच्या 1963 व 1964 मधील सीटीच्या गणितावरील निबंधांना फारसा प्रतिसाद मिळाला नाही. 1979 मध्ये त्यांना गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्यासह नोबेल मिळाले. पॉल लॉटरबर यांचा 1973 चा एमआरआयचा निबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने आधी नाकारला होता.

बढतीच्या वेळी निबंधांबरोबर इतरांना वापरता येईल असा विदासंचही (प्रतिमा व माहितीचा संग्रह) मोलाचा ठरतो. तो खुला करताना फाइलमधले नाव पुसणे पुरेसे नाही: डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून चेहऱ्याचा भाग आधी काढून टाकावा लागतो.