फुलावर आलेली पालेभाजी विषारी होते का?

शिमग्याच्या सुमारास दरवर्षी एक निरोप फिरतो: ‘फुलोरा आलेली मेथी, पालक, मुळा खाऊ नका, त्यात विष तयार होतं.’

तसं होत नाही. थंडी सरली, दिवस मोठा आणि तापू लागला की ही हिवाळी पिकं पानांचा नाद सोडून बियांच्या मागे लागतात. देठ उंच होतो, त्यात धागे वाढतात, पानं लहान आणि थोडी कडवट होतात. बदलते ती चव आणि कोवळीक.

पडताळा घरातच आहे. फ्लॉवर म्हणजे न उमललेला फुलोराच. मुळा फुलून गेल्यावर येणाऱ्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, आपण हौसेने परतून खातो. कोथिंबीर आणि शेपू फुलल्यावरच धणे आणि बाळंतशेपा मिळतात. फुलण्याने झाड विषारी झालं असतं, तर हे काहीच ताटात आलं नसतं.

या भीतीचं मूळ बहुधा बटाट्यात असावं. हिरवा पडलेला, मोड आलेला बटाटा खरोखर टाळावा, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. पण ती बटाट्याची गोष्ट; मेथीला तो नियम लागू नाही.

जुडी घेताना देठ वाकवून पाहा. कट्‌कन तुटला तर कोवळा, चिवटपणे लोंबला तर जून. जून जुडीची फक्त पानं खुडून डाळीत घाला. कुंडीतल्या पालकाचा तुरा खुडून फार तर थोडे दिवस मिळतात. त्यापेक्षा आता माठ किंवा अंबाडी पेरा, त्यांना ऊन मानवतं.